आत्या बसली की सुरू

बिछायत केंद्र, म्हणजे लग्नाचं सामान भाड्याने द्यायचा धंदा, असलेल्या घरात स्वतःची अशी एकही वस्तू नसते. हुडकेश्वरला पुढे आमच्या तीन खोल्या आणि मागे टिनाचं लांबलचक शेड, त्यात लोकांच्या लग्नांचा सगळा पसारा: कढया, गंज, पराती, झारे, खुर्च्यांच्या थप्प्या, गाद्या, मंडपाचे बांबू. आम्ही झोपायचो त्या गाद्या शनिवारी एखाद्या वरातीला जायच्या आणि सोमवारी अत्तराचा वास घेऊन परत यायच्या. लग्नसराईत आमच्या घरी वेगळा स्वयंपाक फारसा नसायचाच. जिथे बिछायत गेली तिथून उरलेलं यायचं, म्हणून सकाळी सात वाजता नाश्त्याला मसालेभात आणि बुंदी, संध्याकाळी पुन्हा बुंदी. शाळेच्या डब्यात मी आठवडाभर बुंदी नेली तेव्हा बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. ठीकच होतं. फक्त गंज आपटण्याचा आवाज, हमालांची आरडाओरड आणि आईचं त्यांच्यावर ओरडणं पहाटेपासून सुरू असायचं, आणि आई सगळ्यांच्या वरच्या पट्टीत ओरडायची.

या सगळ्यात वच्छला आत्या होती. बाबांची धाकटी बहीण. तिला कळमेश्वरकडच्या एका गावात दिलं होतं, घर शेतीवाडीचं, नवऱ्याचं नाव दिगांबरराव. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या विहिरीची मोटार दोनदा जळली, म्हैस मेली आणि दिगांबरराव स्वतः मोटारसायकलीवरून नालीत पडले. तिसऱ्या घटनेनंतर घरात ठरलं की सून पांढऱ्या पायाची आहे. दिगांबररावांनी तिला ट्रंकेसह आमच्या दारात आणून सोडलं, चहा घेतला, चहात साखर कमी आहे म्हणाले, आणि "पाहू" म्हणून निघून गेले. ते पाहणं सहा वर्षं चाललं. आत्या मागच्या खोलीत, मोरीजवळच्या खाटेवर राहायची. सगळ्यांचं झालं की जेवायची, शुभकार्याला कुणी निघालं की आपणहून आत जायची. तिला कुणी वाईट बोलायचं असं नाही. तिच्याशी कुणी बोलायचंच नाही, आणि त्यात मीही आले. मी तेव्हा अठराची होते आणि मला माझ्या केसांचं आणि माझ्या आयटीआयचं पडलं होतं.

आमचं पिकअप बाबांनी कुणाकडून तरी जुनंच घेतलेलं. रंग कधीकाळी पांढरा असावा. त्याची बॅटरी डाव्या सीटच्या खाली पत्र्याच्या पेटीत होती, वर लाकडी फळी, फळीवर रेक्झिनची गादी. हे पिकअप सकाळी सुरू होत नसे. चावी फिरवली की आतून नुसतं "टक" व्हायचं, एवढंच. मग धक्का. बाबा हातात चावी घेऊन दाराबाहेर आले की आमची गल्ली रिकामी व्हायची. समोरचे गुरुजी फाटक ओढून घेत, पानठेलेवाला खाली वाकून काहीतरी शोधू लागे. बाबा मात्र सगळ्यांना नावानिशी हाका मारत आणि शेवटी पाच-सहा लोक बनियनवर येऊन ढकलत. नत्थू मिस्त्रीला दाखवलं. त्याने फळी उचलली, वायर हाताने दाबून धरली, "लगावा" म्हणाला आणि गाडी सुरू झाली. तो गेला की पुन्हा टक. असं चारदा झालं. चौथ्यांदा नत्थूने हात पुसले आणि म्हणाला, "काकाजी, मी हाय तोवर सुरू होते, मी गेलो की बंद. हे काम मिस्त्रीचं नाई. घरात कोणाची नजर लागली का पाहून घ्या." आज माझं स्वतःचं गॅरेज आहे, आणि असं कुणी माझ्या पोरांपैकी गिऱ्हाइकाला सांगितलं तर मी त्याला पान्यानेच समजावीन. पण तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग एके दिवशी आत्याला चष्म्यासाठी सदरला न्यायचं होतं. बाबांना तिकडेच खुर्च्या टाकायच्या होत्या म्हणून म्हणाले, चाल. आत्या चांगली भरलेली बाई. ती सीटवर पाय खाली सोडून बसत नसे, गाडी असो की पाट, मांडीच घालायची, आणि तीही मागे सरकून, पाठ टेकून. ती तशी बसली. बाबांनी रोजच्या रागाने चावी फिरवली आणि पिकअप एका झटक्यात सुरू झालं. बाबा दचकले. तेवढ्यात आत्याला आठवलं की पिशवी आतच राहिली, म्हणून ती उतरली, बाबांनी गाडी बंद केली. पुन्हा सुरू करायला गेले तर टक. आत्या आली, बसली, सुरू. बाबांनी मला बसवून पाहिलं, टक. आईला बसवलं, टक. आत्याला पुन्हा बसवलं, सुरू. गुरुजी फाटकाआडून पाहत होते, ते बाहेर आले. "अरे बापा," ते म्हणाले, "हिच्या पायात त लक्ष्मी हाय!"

सहा वर्षांत तिच्या पायांबद्दल कुणी बरं बोललं असेल तर ते हेच. आत्या सीटवर तशीच मांडी घालून बसली होती आणि कुणाकडेच पाहत नव्हती.

त्या दिवसापासून सगळं उलटंपालटं झालं. आत्या रोज सकाळी पाचला अंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून गाडीत बसू लागली. जिथे बिछायत जाई तिथे ती जाई, कारण परत येताना गाडी सुरू कोण करणार? लग्नघरी तिला खुर्ची मिळू लागली, पहिल्या पंगतीत पान मिळू लागलं. ज्या बाईला आमच्या घरी मंगळागौरीला आत पाठवत होते ती आता परक्यांच्या लग्नात नवरीच्या मावशीशेजारी बसून जिलबी खात होती. आईने त्या सीटला दर शुक्रवारी हळदीकुंकू वाहायला सुरुवात केली. वर थोडं नारळाचं पाणी शिंपडायची. आणि त्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, ती उचलायची नाही, तिला पाय लावायचा नाही असा नियम झाला. मी एकदा गादी उचलून खाली पाहू का विचारलं. मी मोटार मेकॅनिक ट्रेडला होते, वर्गात एकटी मुलगी, आणि नुकतंच आमचं बॅटरीचं प्रॅक्टिकल सुरू झालं होतं. बाबा म्हणाले, "तुह्या पान्याचं काय थे त्या आयटीआयच्या गाड्यांवर पाह्य. घरच्या गाडीले हात लावाचा नाई."

बातमी पसरली. पहिल्यांदा शेजारचा ऑटोवाला आला, म्हणाला, नवीन ऑटो घेतला, आत्याबाईंनी दोन मिनिटं बसून द्यावं. मग कुणाची मोपेड. मग एका शेतकऱ्याने बोअरवेल खोदली तर त्याने आत्याला पाइपाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसवलं. पाणी लागलं. त्यानंतर विचारू नका. आत्या ट्रॅक्टरवर बसली, उसाच्या रसाच्या चरख्याशेजारी बसली, एका बँडवाल्याच्या जनरेटरवर चादर टाकून बसली आणि तिथून तिला चटका लागला. एक डॉक्टर आपला फ्रिज दाखवायला तिला घेऊन गेले, त्यावर बसता येईना म्हणून तिने नुसता हात ठेवला. ज्या वस्तू सुरू झाल्या त्यांची चर्चा व्हायची. ज्या झाल्या नाहीत त्यांच्या मालकांच्या मनात शंका होती असं लोक म्हणायचे, आणि ते मालकही मान्य करायचे.

प्रत्येक जण नारळ द्यायचा. घरात नारळ इतके झाले की ठेवायला कढया काढाव्या लागल्या. आपल्याकडे वैदर्भीय स्वयंपाकात ओलं खोबरं कोण घालतं? पण आईला टाकवेना. वांग्याच्या भाजीत खोबरं, वरणात खोबरं, पातोडीच्या रश्श्यात खोबरं, शेवटी तिने तर्रीतही घातलं. बाबांनी घास घेतला आणि ताट सरकवलं. "आपून कोकणातले हाव काय वं?" आई म्हणाली, "लक्ष्मीचा प्रसाद हाय, गुपचूप खा." आत्या आता आमच्यासोबत, आमच्याही आधी जेवायला बसायची. "जेवली का", "चहा घेतं का", "पाठ दुखते का" असं तिला विचारलं जायचं. ती हसायला लागली होती. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या वर्षी कळलं. खरं सांगते, मला थोडा हेवाही वाटला. मी दिवसभर इंजिनं खोलून घरी यायचे, हात काळे, आणि माझी चौकशी कुणी करत नसे. आणि बाई नुसती बसून देवी झाली होती.

साधारण वर्षभराने, पुढच्या सिझनच्या तोंडाशी दिगांबरराव आले. सोबत धाकटा भाऊ, तुरीच्या डाळीचं पोतं आणि एक हिरवं लुगडं. बाबांनी खुर्च्या टाकल्या, आमच्याकडे त्यांची कमी नव्हती. दिगांबररावांनी चहा घेतला, या वेळी साखरेबद्दल काही बोलले नाहीत, आणि म्हणाले, "घरच्या बाईनं घरीच राहावं म्हणतो मी. झालं गेलं सोडून द्या." मग खिशातून कागद काढला. मला वाटलं काही लिहून आणलंय, माफीबिफी. ती यादी होती. ते वाचू लागले, "सकाळी विहिरीची मोटार. मंग ट्रॅक्टर. दुपारी चक्की, थे दोन महिने झाले बंद हाय. थ्रेशर सिझनपुरतं. अन् लहान्याची मोटारसायकल हाय, पर थ्याले रोज नाई लागत." भावाने मान हलवली. म्हणाला, "मले आठवड्यातून दोनदा चालते."

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं आता बाबा उठतील आणि यांना गंजात घालून हाणतील. बाबा उठले नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता, पण कशासाठी ते लगेच कळलं. "जावईबापू," ते म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. पर माह्या सिझनचं काय? आता कुठं लग्नं सुरू होऊन राहिली. माही गाडी कोण सुरू करन?" आणि मग दोघं घासाघीस करू लागले. दिगांबरराव म्हणाले, शेतीचं काम सकाळचं असतं. बाबा म्हणाले, लग्नंही सकाळचीच असतात. भाऊ म्हणाला, मधे एखादा दिवस कळमेश्वरला एकाची दाळ मिल आहे त्याला दिला तर तो आपलं काम करून देईल. शेवटी ठरलं की सोमवार ते बुधवार तिकडे, गुरुवार ते रविवार इकडे. पहिल्यांदा न्यायला शनिवारी येतील, कारण तो दिवस चांगला होता, आणि रविवारच्या लग्नापुरतं पहाटे आणून सोडतील. आत्या दारात उभी होती, पदर हातात धरून. तिला कुणी काही विचारलं नाही. एखादी कढई कोणत्या लग्नाला कधी जाणार याच्यावर आमच्याकडे रोज जशी बोलणी होत, तशीच ही झाली. हे आज लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तेव्हा मी काहीच बोलले नाही, हे मात्र इथे लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गाद्यांवर पडून पुस्तक वाचत होते. आत्या आली आणि माझ्याजवळ बसली.

"संगे, तुले बॅटरीचं काम येते का वं?"

"येते थोडं. काहून?"

"त्या सीटखाली काहीतरी ढिलं हाय." तिने इकडेतिकडे पाहिलं. "मी बसली की खालून कट्ट होते. उठली की पुन्हा कट्ट. पहिल्या दिवसापासून ऐकून राहिली मी."

मी उठूनच बसले. एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. फळी, तिच्या मांडीचा भार नेमका मागच्या कोपऱ्यावर, खाली ढिला टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या खांबावर बसणारं केबलचं टोक. तिने दाबला की चिकटतो, ती उठली की सुटतो. नत्थू हाताने जे करत होता ते ती बसून करत होती. मला आधी हसू आलं आणि मग रागच आला.

"अन् तू वर्षभर सांगितलं नाई?"

"कोणाले सांगू? सांगतलं असतं त त्याच दिवशी गाडी दुरुस्त झाली असती, अन् मी पुन्हा मोरीजवळ. सहा वर्सं मले या घरात कोणी जेवली का विचारलं नाई, संगे. तूबी नाई."

खरंच होतं ते.

"मले तिथं जायचं नाई," आत्या म्हणाली. "भाऊले सांगतलं मी. भाऊ म्हणे, तीन दिवसच त हाय. तिथं एक दिवस मोटार जळली त थो माणूस काय करन, मले माहीत हाय. मागच्या टाइमले त नुसतं सोडून देलं होतं. तू थे दुरुस्त कर."

"पण आत्या, मग लोकांना कळेल. नारळ, मान, सगळं जाईल."

"जाऊ दे नं. ना पांढऱ्या पायाची, ना लक्ष्मी. नुसती वच्छी. चालन मले." मग म्हणाली, "नारळाचा त मलेबी कटाळा आला, माय."

सामानाला पैसे हवे होते, ते नारळांनीच दिले. दोन पोती नारळ मी सायकलच्या कॅरिअरला बांधून किराणा दुकानात विकले आणि सदरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून दोन शिशाचे टर्मिनल, जाडजूड प्लसची केबल आणि बॉडीला जाणारी मायनसची केबल आणली. दुकानदाराने दोनदा विचारलं, भावाने सांगितलं ते नीट लिहून आणलंस ना? मी म्हटलं, भाऊ नाही, मीच आहे. त्याने केबल दिली, पण विश्वास ठेवला असं वाटलं नाही.

शनिवारी पाहुणे आले, गल्लीही जमली, कारण लक्ष्मी सासरी चालली होती. आईने ओटीचं ताट केलं होतं. मी पान्यांची पेटी घेऊन पिकअपचं डावं दार उघडलं आणि ती गादी उचलली. आई किंचाळली. बाबा धावत आले, "संगे! हात लावू नको!" मी थांबले असते. पण आत्या मागून म्हणाली, "उघड तू," आणि तिने बाबांच्या आणि माझ्या मध्ये येऊन कंबरेवर हात ठेवले. तिला बाजूला सारणं बाबांच्या हातचं काम नव्हतं.

फळी उचलली. आत काय होतं ते आजही डोळ्यांसमोर आहे. वर्षभराची हळद, कुंकू, नारळाचं पाणी, अक्षता, आणि त्या सगळ्याखाली टर्मिनलवर हिरव्या-पांढऱ्या क्षाराचा ढीग. प्लसचा टर्मिनल मधून चिरलेला, केबल ताठ होऊन त्याला वर ओढत होती. गुरुजी वाकून पाहत म्हणाले, "देवीचं रूप हाय." मी म्हटलं, "गुरुजी, ॲसिड हाय, नाक दूर ठेवा." सरांनी शिकवल्याप्रमाणे आधी मायनस सोडला, मग प्लस. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ओतला तसा फेस वर आला आणि चार जणांनी हात जोडले. तारेच्या ब्रशने खांब घासून चकचकीत केले, चेसिसवर जिथे मायनसची केबल बसते तिथला रंग आणि गंज खरवडून काढला, नव्या केबली आवळल्या, प्लस आधी, मायनस नंतर, वर ग्रीस. तासभर लागला. पाहुण्यांनी तेवढ्यात तीनदा चहा घेतला.

"बाबा, लावा," मी म्हटलं. आत्या नळापाशी जाऊन उभी राहिली. बाबांनी चावी फिरवली, आणि रिकाम्या सीटसकट पिकअप सुरू झालं.

मी घाम पुसत दिगांबररावांकडे पाहिलं, आता यांचं तोंड बघू म्हणून. ते आनंदाने उभे राहिले. "पाहा!" ते म्हणाले. "आता त नुसतं उभं राहूनच सुरू होऊन राहिली! गुण वाढला हिचा!" त्यांनी लगेच तपासणी सुरू केली. आत्याला फाटकापर्यंत पाठवलं, गाडी सुरू. पानठेल्यापर्यंत पाठवलं, सुरू. पार गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीपलीकडे पाठवलं आणि भावाला कोपऱ्यावर उभं केलं, त्याने आत्या पोहोचल्याचा रुमाल हलवला, बाबांनी चावी फिरवली, सुरू. दिगांबरराव मनात काहीतरी मोजत होते. "म्हणजे घराच्या मधोमध बसवली त विहीर अन् चक्की दोन्ही होऊन जाते," ते भावाला म्हणाले. "फिरवायची गरजच नाई." भाऊ म्हणाला, "मंग सोमवार ते बुधवार काहून? पूर्णच नेऊ."

मी चांगलं काम केलं होतं आणि त्या कामाने आत्याला कायमचं पाठवून दिलं होतं. आत्या गल्लीच्या टोकाहून परत येत होती, उन्हात, हळूहळू, आणि तिने माझा चेहरा पाहिला आणि समजली. ती सरळ पिकअपशी आली. मला हळूच म्हणाली, "आता बंद पाड." आणि मोठ्याने सगळ्यांना, "थांबा, मी बसते. आपल्या पद्धतीनं बसते."

बाबांनी गाडी बंद केली होती. सीट बसवायच्या निमित्ताने मी वाकून, कुणाच्या लक्षात न येता, मायनसचा नट सोडला आणि केबल बाजूला सारली, फळी आणि गादी वर ठेवली. आत्या चढली. पदर सारखा केला, मांडी घातली, मागे सरकली, हात जोडून डोळे मिटले. सगळी गल्ली पाहत होती. बाबांनी चावी फिरवली. टकसुद्धा झालं नाही.

"पुन्हा लावा," आत्या म्हणाली. पुन्हा काहीच नाही. "अजून." ती तशीच बसून राहिली, सगळ्यांसमोर, एकदा, दोनदा, पाचदा. तिचे कान लाल झाले होते. मागून कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "उतरला वाटते गुण." मग दुसरा म्हणाला, "माह्या ऑटोचं क्लचबी हिच्याचमुळे गेलं असन." वर्षभर ज्यांनी नारळ दिले ते लोक होते हे. मला त्या सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं की केबल मीच काढली आहे, पण आत्याने माझा हात धरून ठेवला होता, घट्ट.

दिगांबररावांनी यादीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. बाबांना म्हणाले, "मोठे भाऊ, अशी वस्तू आमच्या गळ्यात मारून राहिले होते तुम्ही?" लुगडं उचललं. डाळीचं पोतं भावाने खांद्यावर घेतलं. निघताना त्यांनी एकदा आपल्या मोटारसायकलीकडे संशयाने पाहिलं आणि किक मारायच्या आधी तिला गल्लीतून दूर ढकलत नेलं, आत्याची नजर पोहोचू नये म्हणून.

सगळे पांगल्यावर मी नट आवळला. बाबांनी चावी फिरवली, गाडी सुरू झाली. त्यांनी ती बंद केली, पुन्हा सुरू केली. मग माझ्या हातातल्या पान्याकडे पाहिलं, मग सीटवर बसलेल्या बहिणीकडे. बाबांना उशीर लागला, पण समजलं. "वच्छे," ते म्हणाले, "तुले माहीत होतं?"

"होतं नं."

"मले सांगाचं नाई का मंग?"

"सांगतलं होतं, भाऊ. मले जायचं नाई म्हणून. तू गाडीचंच बोलून राहिला होता."

बाबांनी गाडी बंद केली आणि दुपट्ट्याने तोंड पुसलं. मी बाबांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनीही ते घामाच्या नावावर खपवायचा प्रयत्न केला. आई ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने ते तसंच आत नेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, मोठं लग्न. पहाटे पाचला हमाल आले, गाडी भरली, बाबांनी पहिल्या चावीत सुरू केली. मी अंगणात होते. गाडी सुरूच ठेवून बाबा उतरले आणि मागच्या खोलीच्या दारापाशी गेले.

"वच्छे, येतं का?"

आतून आवाज आला, "गाडी सुरू झाली नं?"

"झाली."

"मंग मी कायले?"

"अशीच. लग्न हाय, जेवण चांगलं हाय. सीट रिकामी हाय."

नवऱ्याने टाकलेली, कालच सगळ्या गल्लीसमोर गुण उतरलेली बाई, आणि भाऊ दारात उभा. या घरात तिने आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं. मग खाट करकरली, ती कूस बदलत असावी.

"मले झोप येऊन राहिली, भाऊ. वर्षभर पाचले उठून राहिली मी. आज झोपते."

"झोप मंग," बाबा म्हणाले, आणि गेले. आत्या साडेनऊपर्यंत झोपली. आमच्या घरात तोवर कुणीही बाई आजारी असल्याशिवाय साडेनऊपर्यंत झोपलेली नव्हती. म्हणून आई दोनदा आत जाऊन आली. तिने आत्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. ती तशीच बाहेर आली आणि उन्हाची तिरीप आत येत होती म्हणून तिने दार लोटून घेतलं.